एक आस की दोन? जमिनीवरून निघालेल्या नावांचा इतिहास

१/ १२ जानेवारी १८९९. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लिनमथ हे छोटे गाव त्या संध्याकाळी वादळाच्या तडाख्यात सापडले होते. रात्री आठच्या सुमारास तार आली. ‘फॉरेस्ट हॉल’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज पॉरलॉकच्या उपसागरात संकटात होते. ते ओढून नेणाऱ्या वाफेच्या बोटीचा दोर तुटला होता, सुकाणू निकामी झाले होते, नांगर घसरत होते आणि जहाजावर अठरा जीव होते. लिनमथला बचावनाव होती, खलाशीही तयार होते. मात्र समोरच्या लाटांत ती नाव पाण्यात लोटणे अशक्य होते.

२/ नावेचा सुकाणूधारी जॅक क्रोकोम्ब याने मग एक विलक्षण प्रस्ताव मांडला. समुद्र वाट देत नसेल, तर नाव जमिनीवरून न्यायची. सुमारे तेरा मैल दूर असलेल्या पॉरलॉक वेअरच्या आडोशाच्या धक्क्यावर पोहोचायचे आणि तिथून ती पाण्यात घालायची. वाटेत काउंटिसबरीची टेकडी होती. तिचा चढ चौथ्या हिश्शाचा, म्हणजे चार फूट पुढे गेले की एक फूट वर. त्यापलीकडे एक्समूरचा उघडा माळ आणि शेवटी पॉरलॉकचा तितकाच भयंकर उतार. ‘लुइसा’ ही नाव चौतीस फूट लांबीची होती. नाव आणि तिचा गाडा मिळून वजन दहा टनांच्या घरात जात असल्याचे सांगितले जाते.

३/ या प्रवासाची कथा पुढे येईलच. परंतु तिच्या तळाशी एक साधा प्रश्न दडलेला आहे. नाव पाण्यासाठी घडवलेली असते. तिला जमिनीवर आणले की तिचे वजन नेमके कुठे टेकवायचे? एका आसावर, म्हणजे दोन चाकांवर? की दोन आसांवर, म्हणजे चार चाकांवर? आज मोटारीमागे नाव जोडून सरोवराकडे निघालेला हौशी नावाडी ट्रेलर घेताना हाच प्रश्न विचारतो. हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे.

४/ एका आसाचे गणित मराठी मुलखाला बैलगाडीमुळे चांगले ठाऊक आहे. दोन चाकांवरील गाडी हा खरे तर तराजू असतो. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. शहाणा गाडीवान म्हणूनच किंचित भार पुढे ठेवतो. मोटारीमागच्या एका आसाच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे. नावेच्या ट्रेलरच्या बाबतीत एकूण वजनाचा साधारण पाच ते दहा टक्के भार जोडणीच्या टोकावर असावा, असे सांगितले जाते. तो कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो.

५/ दोन आसांच्या गाडीला हा तोल साधावा लागत नाही. ती उभी राहिली तरी उभीच राहते. मात्र तिचा त्रास वळणावर सुरू होतो. दोन्ही आस घट्ट बसवलेले असतील, तर वळताना चाके रस्त्यावर घासत, फरफटत जातात. यावर जुना उपाय म्हणजे पुढचा आस एका खुंट्याभोवती फिरता ठेवणे. मागचा आस भार वाहतो, पुढचा दिशा देतो. युरोपातील मालगाडे, बग्ग्या आणि तोफगाडे या तत्त्वावर चालत आले.

६/ तिसरा मार्ग अधिक जुना आणि अधिक खर्चिक होता, तो म्हणजे रस्ताच असा बांधायचा की वळण्याचा प्रश्न उरू नये. ग्रीसमध्ये कोरिंथच्या संयोगभूमीवर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ‘दिओल्कोस’ हा दगडी फरसबंदीचा मार्ग तयार झाला. १९५६ ते १९६२ या काळात निकोलाओस वेर्देलिस यांनी त्याचे उत्खनन केले. दगडांत सुमारे १.६ मीटर अंतरावर समांतर चर आढळले. चाक चरात बसले की दिशा चरच ठरवतो. लोहमार्गाचे बीज या विचारात होते. युद्धकाळात नौका या संयोगभूमीवरून ओढून नेल्याचे उल्लेख प्राचीन इतिहासकारांनी केले आहेत. त्यासाठी आधी राज्य बलाढ्य हवे आणि पुरेशी सवडही हवी. वादळी रात्री तार आल्यावर कोणी फरसबंदी घालू शकत नाही.

७/ एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये ही अडचण नेहमीची होती. १८२४ मध्ये स्थापन झालेली संस्था, जी पुढे ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिची अनेक केंद्रे अशा किनाऱ्यांवर होती जिथे बंदर नव्हते. नाव शेडमध्ये ठेवायची, हाक आली की घोड्यांनी ती वाळूवरून ओढत न्यायची आणि योग्य जागी पाण्यात सोडायची. या कामासाठी जो गाडा विकसित झाला, त्यात एक आस आणि दोन आस या दोन्ही कल्पनांचा सुरेख संगम होता.

८/ या गाड्याचे दोन भाग असत. मुख्य भागात नावेचा कणा टेकण्यासाठी रुळांची एक लांब पन्हळ असे. नावेचे वजन या रुळांवरून मोठ्या चाकांच्या मुख्य आसावर उतरे. दुसरा भाग म्हणजे पुढचा सुटा गाडा. तोफेला जसा पुढचा दुचाकी गाडा जोडत, तसा. रस्त्यावरून जाताना दोन्ही भाग जोडलेले असत आणि चार चाकांचे स्थैर्य मिळे. किनाऱ्यावर गाडा वळवून त्याची मागची बाजू समुद्राकडे केली जाई. नावेचे तोंड तिकडेच असे आणि वल्ही हातात घेतलेले खलाशी आधीच आत बसलेले असत. खिळी काढून दोर ओढले की नाव रुळांवरून घसरत थेट लाटांत जाई.

९/ परतीच्या वेळी खरी करामत दिसे. पुढचा गाडा सोडवला की पन्हळीचे टोक जमिनीवर टेके आणि संपूर्ण रचनेचा एक उतरता फळा होई. त्यावरून नाव पुन्हा वर ओढून घेता येई. म्हणजे प्रवासात दोन आस आणि चढवताना एकच आस. ‘एक की दोन’ या वादाला त्या काळच्या कारागिरांनी दिलेले उत्तर असे होते: दोन्ही, पण ज्याच्या त्याच्या वेळी. हा गाडा मात्र वाळूसाठी आणि थोड्या अंतरासाठी घडवलेला होता. डोंगर ओलांडणे त्याच्या नशिबी येईल, असे कोणी गृहीत धरले नव्हते.

१०/ त्या रात्री लिनमथचे सुमारे शंभर स्त्री-पुरुष आणि अठरा-वीस घोडे गाड्याला जुंपले गेले. कुदळी-फावडी घेतलेली एक तुकडी अंधारात पुढे निघाली. रस्त्याच्या कडा तासून वाट रुंद करणे, हे तिचे काम. वारा आणि पाऊस दिवे विझवत होता. काउंटिसबरीच्या चढावर गाड्याचे एक चाक निखळले. एवढ्या वजनाखाली, चिखलात, कंदिलाच्या उजेडात ते पुन्हा बसवावे लागले. माथा गाठल्यावर बहुतेक गावकरी माघारी फिरले. पुढच्या वाटेसाठी जेमतेम वीसेक माणसे उरली.

११/ पुढे अडचण आली ती रुंदीची. अ‍ॅश्टनजवळ रस्ता इतका अरुंद होता की गाडा त्यातून जाईना. नाव गाड्यावरून उतरवण्यात आली. लाकडी ओंडके खाली घालत, मागचे उचलून पुन्हा पुढे ठेवत, ती त्या बोळातून ओढली गेली. रिकामा गाडा मात्र माळरानावरून वळसा घालून पुढे आणण्यात आला आणि नाव त्यावर पुन्हा चढवली गेली. चाकाचा शोध लागण्यापूर्वी माणूस नाव जशी ओढत असेल, तशीच ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुन्हा ओढली गेली.

१२/ पॉरलॉकच्या उतारावर प्रश्न उलटा झाला. आता गाडा ओढायचा नव्हता, रोखून धरायचा होता. घोडे आणि माणसे मागच्या दोरांना लावून, पावलापावलाने तो खाली सोडण्यात आला. गावात एका घराच्या कोपऱ्यावर गाडा अडकला, तेव्हा बागेची भिंत पाडावी लागली. किनाऱ्यालगतचा रस्ता समुद्राने खाऊन टाकला होता, म्हणून वरची वाट धरावी लागली. तिथे आडवे येणारे झाड तोडावे लागले. सकाळी साडेसहाच्या सुमारास ‘लुइसा’ पाण्यात उतरली. रात्रभर राबलेली तीच माणसे मग वल्ही मारू लागली.

१३/ ‘फॉरेस्ट हॉल’वरील सर्व माणसे वाचली. वाफेच्या बोटींनी जहाजाला वेल्समधील बॅरी बंदरात ओढून नेले. बचावनाव त्याच्या सोबतीला होती. चार घोडे मात्र त्या श्रमांनी मेले. या घटनेच्या आठवणींत क्रोकोम्बचे धैर्य येते आणि ते योग्यच आहे. परंतु निर्णायक क्षण पाहिले तर त्यांत धैर्याच्या जोडीला एक यांत्रिक सत्यही दिसते. गाडा जिथे जिथे अडला, तिथे त्याला अडवणारे वजन नव्हते; रुंदी, वळण आणि उतार होते. भार वाहण्यासाठी जास्त चाके उपयोगी पडतात, पण अरुंद वाटेवर तीच चाके ओझे होतात.

१४/ सोळा वर्षांनी हाच धडा आफ्रिकेत, कितीतरी मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. पहिल्या महायुद्धात टांगानिका सरोवरावर जर्मन नौकांचे वर्चस्व होते. १९१५ मध्ये जॉन ली या शिकाऱ्याने ब्रिटिश नौदलाला सुचवले की वेगवान मोटरबोटी दक्षिणेकडून जमिनीवरून सरोवरापर्यंत नेता येतील. नौदलाने चाळीस फूट लांबीच्या दोन बोटी निवडल्या आणि मोहिमेची सूत्रे जेफ्री स्पायसर-सिमसन या अधिकाऱ्याकडे दिली. त्याने सुचवलेली ‘कॅट’ आणि ‘डॉग’ ही नावे नाकारली गेली. मग त्याने ‘मिमी’ आणि ‘तूतू’ अशी नावे दिली. फ्रेंच बोबड्या बोलीत त्यांचा अर्थ मांजर आणि कुत्रा असाच होतो.

१५/ बोटी जहाजाने केपटाउनला आल्या. तिथून दोन हजारांहून अधिक मैल रेल्वेने बेल्जियन काँगोतील फुंगुरुमेपर्यंत पोहोचल्या. पुढे लोहमार्ग संपला. आता सुमारे दीडशे मैल जंगल आणि मितुंबा पर्वत ओलांडून सांकिसियापर्यंत जायचे होते. पर्वताचा माथा सहा हजार फुटांच्या आसपास. बोटी खास गाड्यांवर ठेवल्या होत्या आणि त्या ओढायला वाफेवर चालणारी दोन रस्ता-इंजिने आणि डझनावारी बैल होते. रस्ता असा नव्हताच. तो झाडे तोडून, सुरुंग लावून तयार करावा लागला. वाटेत दीडशेच्या आसपास पूल बांधावे लागले.

१६/ येथे एक गंमतीची विसंगती दिसते. पूल खचत होते ते बोटींच्या वजनाने नव्हे, तर त्या ओढणाऱ्या इंजिनांच्या वजनाने. शिवाय इंजिनांना पाणी आणि सरपण सतत लागे. प्रदेश कोरडा, तेव्हा स्थानिक स्त्रियांनी डोक्यावरून घागरी वाहून इंजिनांची तहान भागवली. चढ फारच उभा झाला की इंजिन एका जागी उभे करून दोर आणि कप्प्यांच्या साहाय्याने गाडे वर खेचले जात. काही ठिकाणी यंत्र हरले आणि बैलच उपयोगी पडले. ट्रेलर निवडताना केवळ ओझ्याचा नव्हे, ओढणाऱ्याचाही विचार करावा लागतो, हे सत्य या मोहिमेइतके ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

१७/ सांकिसियापासून पुन्हा रेल्वे, मग लुआलाबा नदी, मग पुन्हा रेल्वे, असा प्रवास करत बोटी ऑक्टोबर १९१५ अखेर सरोवराकाठी पोहोचल्या. २६ डिसेंबरला त्यांनी ‘किंगानी’ ही जर्मन नौका पकडली. ९ फेब्रुवारी १९१६ रोजी ‘हेडविग फॉन विसमान’ बुडवली. सरोवराचे पारडे फिरले. अधिकाऱ्यांची नावे ग्रंथांत आली. झाडे तोडणारे, पूल बांधणारे, पाणी वाहणारे हजारो आफ्रिकी हात मात्र बहुतांशी निनावीच राहिले. बोट जमिनीवरून चालली ती चाकांवर, आणि चाके चालली ती या हातांवर.

१८/ जर्मनांनी याच सरोवरासाठी वेगळे उत्तर शोधले होते. ‘ग्राफ फॉन ग्योट्सेन’ हे सुमारे ७१ मीटर लांबीचे जहाज पापेनबुर्ग येथे बांधले, सुटे केले, हजारो पेट्यांत भरले आणि सरोवराकाठी पुन्हा जोडले. म्हणजे आसाचा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. या जहाजाला कोणताही ट्रेलर पुरला नसता. माघार घेताना १९१६ मध्ये जर्मनांनी ते स्वतःच बुडवले. पुढे ते वर काढण्यात आले आणि ‘लिएंबा’ या नावाने त्याच पाण्यावर अनेक दशके प्रवासी वाहत राहिले.

१९/ आजच्या दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मात्र पुढे एक आणि मागे एक अशी रचना नसते. त्याचे दोन्ही आस मध्यभागी, एकमेकांना लागून असतात. ही कल्पना रस्त्यावरची नाही, रुळांवरची आहे. १८३२ मध्ये अमेरिकेत जॉन जर्विस यांनी ‘एक्सपेरिमेंट’ या इंजिनाच्या पुढच्या भागाखाली चार चाकांचा फिरता गाडा बसवला. ओबडधोबड, वळणावळणाच्या रुळांवर इंजिन त्यामुळे स्थिर राहू लागले. जवळजवळ असलेले दोन आस भार वाटून घेतात आणि लांब अंतरावरच्या आसांइतके वळणावर अडत नाहीत.

२०/ तरीही एक अडचण उरली. तिवई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही. चार पायांचा चौरंग खडबडीत जमिनीवर हमखास डुगडुगतो, कारण एखादा पाय अधांतरी राहतो. चार चाकांचेही तसेच. एक चाक उंचवट्यावर चढले की शेजारचे हलके होते आणि सगळा भार एकट्यावर येतो. फिलाडेल्फियाचे जोसेफ हॅरिसन यांनी यावर दोन आसांना जोडणारा, मध्यभागी खिळलेला झुलता दांडा योजला. १८३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. एक चाक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि भार सारखा राहतो. पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या आजच्या दोन आसांच्या ट्रेलरमध्ये, दोन स्प्रिंगांच्या मध्ये हाच झुलता दांडा लहान रूपात आढळतो.

२१/ विसाव्या शतकाने उरलेले तुकडे जुळवले. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांचे नावेच्या पाठीला अडकवायचे इंजिन बाजारात आले. १९२० मध्ये हन्स्टंटन येथे बचावनाव ओढण्यासाठी ट्रॅक्टरची चाचणी झाली आणि घोड्यांचे युग मावळू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या हलक्या नावा आणि घरोघरी मोटारी आल्या. जे काम एकेकाळी अख्खे गाव करत असे, ते एक कुटुंब सुट्टीच्या दिवशी करू लागले.

२२/ आता मूळ प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या उजेडात पाहता येते. एका आसाचा ट्रेलर हलका, स्वस्त आणि हाताने वळवण्याजोगा. अरुंद गल्लीत, छोट्या अंगणात तोच बरा. अ‍ॅश्टनच्या बोळात अडलेल्या माणसांना हे पटले असते. अमेरिकेत अशा आसाची एक प्रचलित क्षमता ३,५०० पौंडांची असते, आणि नाव, इंजिन, इंधन व ट्रेलर यांचे एकत्रित वजन तिच्या जवळ गेले की दुसऱ्या आसाचा विचार सुरू होतो. मात्र टायर फुटला, तर एका आसाच्या गाड्याला तोलायला त्या बाजूला दुसरे काहीच नसते.

२३/ दोन आसांचा ट्रेलर वेगात स्थिर राहतो, प्रत्येक चाकावरचा भार कमी करतो आणि एखादे चाक गेले तरी लगेच कोसळत नाही. काउंटिसबरीच्या चढावर त्याचे मोल कळले असते. त्याची किंमत मात्र वळणावर घासणाऱ्या टायरांत आणि दुप्पट चाकांच्या निगराणीत मोजावी लागते. लांबच्या प्रवासाने तापलेला चाकाचा तुंबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत शोषले जाते. खारे पाणी तर बेअरिंगचे शत्रूच. दोन चाकांऐवजी चार म्हणजे ही काळजीही दुप्पट.

२४/ १९९९ मध्ये, शंभर वर्षांनी, लिनमथच्या लोकांनी त्या रात्रीच्या प्रवासाची दिवसाउजेडी पुनरावृत्ती केली. या वेळी कोणाचा जीव टांगणीला नव्हता. १८९९ च्या रात्री मात्र क्रोकोम्बपुढे निवड नव्हती; शेडमध्ये जो गाडा होता, तोच घेऊन निघायचे होते. त्याने प्रत्येक ठिकाणी वाटेला विचारले आणि वाट सांगेल तसे केले. चार चाकांवर नेले, चाके निरुपयोगी ठरली तेव्हा ओंडक्यांवर ओढले, उतारावर दोरांनी धरले. किती आस हवेत, याचा निकाल दुकानात लागत नाही. तो लागतो घर आणि पाणी यांच्यामधल्या रस्त्यावर.